साहेबांच्या गळ्यातला पट्टा

अण्णांनी बत्तीस वर्षं रस्तेखात्यात पट्टे मारले. पट्टे म्हणजे हमरस्त्याच्या मधोमध असतात ते पांढरे. हुद्दा होता ‘पट्टे-रंगारी, श्रेणी दोन’, पण एवढं लांबलचक बोलायला कुणाला वेळ आहे? सगळे ‘पट्टेवाले’ म्हणत, आणि ऐकणाऱ्याला वाटे की हा गृहस्थ कुठल्यातरी कचेरीत दाराबाहेर स्टुलावर बसतो आणि घंटी वाजली की चहा आणतो. खुद्द सासऱ्यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना पाहुण्यांसाठी पाणी आणायला पिटाळलं होतं. अण्णांनी निमूटपणे आणून दिलं, पण तेव्हापासून पट्टा या शब्दाशी त्यांचं जरा बिनसलेलंच होतं.

आता अण्णा एकोणसत्तर वर्षांचे होते, काकींचे गुडघे जिना चढताना हरकती घेऊ लागले होते, आणि सहाशे किलोमीटरवर राहणाऱ्या चिरंजीवांनी ठरवलं होतं की दोघांनी आता त्यांच्याकडे यायचं. काकी म्हणजे अण्णांची बायको. सगळी गल्ली काकी म्हणायची म्हणून अण्णाही चारचौघांत काकीच म्हणायचे. सामान ट्रकने पुढे गेलं. उरले ते जिवंत, आणि त्यांना न्यायला चिरंजीव स्वतः मोठी गाडी घेऊन आले.

जिवंतांत तीन जनावरं होती. लेखनिक नावाची मांजर, कारण घरात कुठेही कागद उघडला की ती त्यावर जाऊन बसे आणि पुढे काही करत नसे. कंत्राटदार नावाचं कासव, कारण ते निघालं हे सगळ्यांना माहीत असे, पोचलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आणि साहेब.

साहेब म्हणजे कुत्रा. तेरा वर्षांचा, काळा कुळकुळीत, आणि गळ्याभोवती जन्मतःच तीन बोटं रुंदीचा पांढराशुभ्र केसांचा पट्टा, असा सरळ की अण्णांना स्वतःला दोरी लावून मारता आला नसता. गळ्यात दुसरा पट्टा मात्र नव्हता. सहा वर्षांपूर्वी कुत्री पकडणारी गाडी गल्लीत फिरू लागली तेव्हा काकींनी एक लाल चामडी पट्टा आणून बांधला होता. साहेब भिंतीकडे तोंड करून बसले. तीन दिवस अन्नाला शिवले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी अण्णांनी रंगकामाच्या सुरीने तो पट्टा कापला, तेव्हा साहेब उठले आणि एका बैठकीत तीन दिवसांचं जेवले. विषय तिथे संपला.

तो आता पुन्हा उघडला होता. चिरंजीव कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते आणि घरी आल्यावर त्यांच्या वसाहतीचे सचिव. सचिव झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी एक नियम केला होता : ‘गळ्यात पट्टा नसलेल्या कुत्र्यास आवारात प्रवेश दिला जाणार नाही.’ खाली ‘आदेशावरून’ असं लिहून सही. आदेश कुणाचा, तर त्यांचाच. चिरंजीवांचं म्हणणं साधं होतं. पट्टा बांधा, प्रश्न मिटला. अण्णांचं म्हणणं त्याहून साधं होतं. नाही. या वयात साहेब उपाशी बसले तर चौथी सकाळ बघतील याची खात्री कोण देणार? मग चिरंजीवांनी वाटेतला एक प्राणिनिवास शोधला. तिथे हिरवळ आहे, आठवड्याला डॉक्टर येतो, गळ्यात काही बांधत नाहीत. साहेबांना तिथे ठेवू, दोन-तीन महिन्यांनी भेटायला जाऊ. फोनवर हे सगळं ऐकून अण्णा म्हणाले होते, “बघू.”

इथेच चिरंजीवांची चूक झाली. खासगी कारखान्यात वाढलेला माणूस. ‘बघू’ म्हणजे होकार असं त्याला वाटलं. सरकारी खात्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा ‘बघू’ म्हणजे काय, ते त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

सकाळी सात वाजता चिरंजीवांनी प्रवासाचं वेळापत्रक वाचून दाखवलं. ते छापून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून आणलं होतं. चहा अकरा मिनिटं. जनावरांचे पाय मोकळे करणे सात मिनिटं. दुपारी दोन दहा ते दोन तीस, प्राणिनिवास. ही ओळ वाचताना त्यांचा आवाज जरा खाली गेला, हे अण्णांनी टिपून ठेवलं. मुलगा वाईट नव्हता. फक्त सरळ होता, आणि सरळ माणसाला वळवणं हे वाकड्याला सरळ करण्यापेक्षा अवघड असतं.

पुढे चिरंजीव आणि काकी, काकींच्या मांडीवर लेखनिकची टोपली. मागे अण्णा, त्यांच्या पायाशी रंगाच्या जुन्या डब्यात कंत्राटदार, आणि शेजारच्या जागेवर खिडकीतून बाहेर बघत साहेब, जणू गाडी त्यांच्याच दिमतीला दिली आहे. चिरंजीवांनी किल्ली फिरवली आणि गाडीने टिंग टिंग सुरू केलं. मागच्या एका प्रवाशाने पट्टा लावलेला नाही, अशी गाडीची तक्रार होती. सीटवर बावीस किलो वजन होतं, आणि बावीस किलोने पट्टा लावलाच पाहिजे. चिरंजीवांनी तीनदा गाडी बंद करून चालू केली. टिंग टिंग काही थांबेना. शेवटी काकींनी वळून, हात लांब करून, साहेबांच्या पाठीमागून पट्टा ओढला आणि खटकन खाचेत बसवला. साहेब पुढे, पट्टा मागे. गाडी गप्प.

“पट्टा लागल्याशी मतलब,” काकी म्हणाल्या, “कुणाला लागला ते कोण बघतंय.”

त्या सहज बोलल्या. अण्णांनी तेही टिपून ठेवलं.

एकदा गाडी चालू झाली आणि काकींच्या तोंडाचा पट्टाही सुटला. गॅस बंद केला का, शेजारणीला किल्ली दिली ती तिने कुठे ठेवली असेल, नव्या घरात स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या दिशेला आहे, सूनबाई मांजरीला गादीवर चढू देईल का. सूनबाईंनी खरं तर फोनवर ‘सगळ्यांना घेऊन या’ एवढंच सांगितलं होतं, पण ‘सगळ्यांना’ या शब्दाचा अर्थ काढणं सचिवांच्या अखत्यारीत येत होतं. प्राणिनिवासाबद्दल मात्र काकी एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलून बोलून काकी एखादी गोष्ट झाकायच्या तेव्हा ती किती मोठी आहे, हे अण्णांना आवाजावरूनच कळायचं.

चहाला थांबले. अकरा मिनिटांची एकोणीस झाली, कारण कंत्राटदाराला गवतावर सोडलं होतं आणि त्याने काम अर्धवट टाकून यायला नकार दिला. लेखनिक वेळापत्रकावर बसली. चिरंजीवांनी तिला उचलून वेळा दुरुस्त केल्या, ती पुन्हा बसली. साहेब झाडाखाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रककडे बघत होते. त्यांच्या मागच्या पायाला आता जरा कंप असायचा. अण्णांनी बशीत पाणी ओतून पुढे केलं आणि ते पिईपर्यंत पायाला पाय लावून शेजारी उभे राहिले, म्हणजे साहेबांना टेकता यावं आणि टेकलो असं वाटू नये.

दुपारी गाडी जुन्या हमरस्त्याला लागली. नवा रस्ता झाल्यापासून तिकडे फारसं कुणी फिरकत नसे, पण प्राणिनिवास त्याच रस्त्यावर होता. अण्णा सावरून बसले. हा रस्ता त्यांचा होता. दोनशे बारावा किलोमीटर जवळ येऊ लागला तसे ते किलोमीटरचे दगड मोजू लागले.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. दोनशे बाराव्या किलोमीटरवर पट्टा मारणं चालू होतं. संध्याकाळी मुख्य अभियंत्यांची पाहणी होती, त्याआधी काम उरकायचं होतं. दोरी ताणलेली, रंग ढवळलेला, आणि नेमक्या दोरीवर एक काळं पोरगेलं कुत्रं गाढ झोपलेलं. दुपारी कामाच्या वेळेत सगळ्या रस्त्यावर तेवढाच एक जीव झोपलेला, म्हणून टोळीतला एकजण म्हणाला, “उठवू नका, साहेब झोपलेत.” सगळे हसले. अण्णाही हसले. मग त्यांनी वाकून बघितलं. कुत्र्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि गळ्याभोवती तो पांढरा पट्टा. आपल्याच खात्यातला दिसतो, असं अण्णांना वाटलं. त्यांनी दोरी सोडली आणि कुत्र्याच्या पाठीला धरून, हाताने, पट्टा बाजूने वळवून घेतला. पुढे तो पुन्हा जागेवर आणला. काम संपल्यावर कुत्रं उठलं, वळणाचा वास घेतला आणि आपणहून रंगाच्या ट्रकमध्ये चढून बसलं.

पाहणीत वळण दिसलं आणि अण्णांकडून लेखी खुलासा मागवला गेला. अण्णांनी खोटं लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं : ‘काम चालू असताना साहेब झोपले होते. त्यांना उठवणे प्रशस्त वाटले नाही. सबब पट्टा बाजूने घेतला.’ हा कागद उपअभियंत्यांकडे गेला. त्यांना वाटलं, हे कार्यकारी अभियंत्यांबद्दल आहे. कार्यकारी अभियंते त्या दुपारी खरोखरच जीपमध्ये लवंडले होते, त्यामुळे त्यांना वाटलं, हे आपल्याचबद्दल आहे. त्यांनी कागद वर न पाठवता त्यावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारला आणि पुढची तीन वर्षं अण्णांना कधी उशिराबद्दल विचारलं नाही. वळण तसंच राहिलं. पुढे रस्ता पुन्हा रंगवला तो दुसऱ्यांनी, पण जुना पट्टा दिसत असला की नवा त्याच्यावरूनच मारायचा ही खात्याची रीत. असा तो तीनदा रंगवला गेला, आणि तीनही वेळा कुणीतरी अगदी काळजीपूर्वक, तिथे नसलेल्या कुत्र्याला वळसा घातला.

ते वळण आता समोर दिसू लागलं. रस्ता मोकळा होता, मागेपुढे चिटपाखरू नव्हतं. वळणाजवळ आल्यावर चिरंजीवांनी स्टिअरिंग हलकंच डावीकडे घेतलं, पट्ट्याच्या बाजूबाजूने गाडी वळवली आणि पुन्हा सरळ केली.

“काय रे?” अण्णांनी विचारलं. “खड्डा होता?”

“नाही. पट्टा वळला होता.”

“का वळला असेल?”

चिरंजीवांनी खांदे उडवले. “असेल काहीतरी कारण. मारणाऱ्याने विचार करूनच मारला असेल ना.”

अण्णांनी साहेबांकडे बघितलं. साहेब झोपले होते. आणि अण्णांच्या डोक्यात त्या क्षणी लख्ख प्रकाश पडला. चार महिने ते या मुलाशी वाद घालत होते. फोनवर गळ घातली, रुसून बघितलं, एकदा तर जेवण सोडलं. सगळं वाया गेलं, कारण हा मुलगा वादाने वळणारा नव्हताच. हा पट्ट्याने वळणारा होता. समोर पट्टा मारलेला असला की तो का मारला हे न विचारता हा मुकाट वळतो. मग वाद कशाला घालायचा? पट्टा मारायचा.

प्राणिनिवास दोन वाजून चौतीस मिनिटांनी आला. हिरवळ होती, ते खोटं नव्हतं. कचेरीच्या खोलीत फिनेलचा वास होता. एक बाक, जमिनीवर ठेवलेला वजनकाटा, गोल भोक पाडलेल्या काचेमागे टेबल आणि टेबलामागे एक बाई. बाईंचा चष्मा दोरीला बांधून छातीवर लटकत होता. अण्णांनी आधी तो चष्मा बघितला, मग टेबलावरचा शिक्का, मग अर्ज. अर्जाचे दोन भाग होते. ‘अ’ भाग तपासणीचा, तो कचेरीने भरायचा, शिक्का मारायचा आणि प्रत अर्जदाराला द्यायची. ‘ब’ भाग ताबा सोडत असल्याचा, त्यावर मालकाची सही. अण्णांनी अदबीने विचारलं की आधी ‘अ’ की आधी ‘ब’. बाई म्हणाल्या, आधी ‘अ’च, नियम आहे. अण्णांना ती बाई मनापासून आवडली.

साहेबांचं वजन झालं. मग अण्णांनी त्यांना हलकेच मागे नेलं, दारापाशी, जिथे बाहेरचं ऊन पाठीमागून येत होतं, आणि तिथे बसवलं. बाई एकेक रकाना विचारत गेल्या. वय, रंग, चावण्याची सवय. चावण्याची सवय कुणालाच नाही, असं काकींनी सगळ्या कुटुंबाच्या वतीने सांगितलं. मग बाईंनी मान वर केली, डोळे बारीक करून दाराकडे बघितलं आणि स्वतःशीच बोलत लिहिलं, “पट्टा, आहे. रंग, पांढरा.”

काकींचं तोंड उघडलं. अण्णांनी त्यांच्या पावलावर आपलं पाऊल ठेवलं. ते मिटलं. चिरंजीव त्या वेळी मोबाइलवर पुढच्या वेळा दुरुस्त करण्यात गुंतले होते. अण्णांनी नोकरीत कमावलेली सगळ्यात मोठी विद्या वापरली. ते गप्प बसले. शिक्का उचलला गेला, तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकर मारली गेली आणि तो धाडकन पडला.

बाईंनी ‘अ’ भागाची प्रत अण्णांना दिली, ‘ब’ भाग पुढे सरकवला आणि वर पेन ठेवलं. चिरंजीवांनी मोबाइल खिशात घातला. काकी खिडकीबाहेर बघू लागल्या. अण्णांनी पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि काचेच्या भोकातून परत दिलं.

“‘ब’ नको,” ते म्हणाले. “आमचं ‘अ’मध्येच भागलं.”

चिरंजीवांनी आवाज न चढवता आठवण करून दिली की हे ठरलं होतं. अण्णांनी तितक्याच शांतपणे सांगितलं की ठरलं नव्हतं, ते ‘बघू’ म्हणाले होते, आणि आता त्यांनी बघितलं. मग त्यांनी मुलाला त्याचाच नियम म्हणायला लावला. चिरंजीवांनी तो पाठ म्हणून दाखवला, ‘आदेशावरून’सकट.

“आता हे वाच,” अण्णांनी कागद पुढे धरला.

चिरंजीवांनी वाचलं. मग दारात बसलेल्या साहेबांकडे बघितलं. “अण्णा, हे केस आहेत.”

“नियमात चामड्याचा लिहिलंय?”

“नाही.”

“बांधलेला लिहिलंय? की गळ्यात असलेला?”

चिरंजीव बाईंकडे वळले. बाईंनी एव्हाना चष्मा डोळ्यांवर चढवला होता. त्यांनी साहेबांकडे बराच वेळ बघितलं, मग अण्णांकडे, मग शिक्क्याकडे. खाडाखोड करायची तर अधीक्षकांची परवानगी लागते, त्या म्हणाल्या, आणि अधीक्षक गुरुवारी येतात. आज शुक्रवार होता. एवढं सांगून त्यांनी चष्मा पुन्हा छातीवर सोडला.

चिरंजीव कागद हातात धरून उभे होते. अण्णांना दिसत होतं की गडी वळणाच्या तोंडाशी आला आहे, पण अजून वळलेला नाही. तेव्हा त्यांनी उरलेली गोष्टही बोलून टाकली, जी चार महिने फोनवर बोलता आली नव्हती.

“आणि पटत नसेल तर बाईंकडून आणखी दोन अर्ज घे. साहेबांचं वय झालंय, ते नव्या घराच्या नियमात बसत नाहीत, नवी सवय लावून घेणार नाहीत. हे सगळं मलाही लागू आहे. आयुष्यभर लोकांनी मला पट्टेवाला म्हटलं, मी ऐकून घेतलं. साहेबांच्या गळ्यात मी काही बांधणार नाही आणि त्यांना सोडूनही जाणार नाही. हिरवळ आहे म्हणतोस ना? मग सगळेच राहतो.”

काकी बाकावर बसल्या. लेखनिकची टोपली त्यांनी शेजारी ठेवली, पदर सारखा केला आणि काचेमागच्या बाईंना विचारलं की खिडकीजवळची जागा मिळेल का, त्यांना उजेड लागतो.

चिरंजीवांनी कागद दुसऱ्यांदा वाचला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग प्लॅस्टिकचं पाकीट उघडलं, वेळापत्रक बाहेर काढलं आणि त्या जागी हा कागद सरकवला, चारही कोपरे नीट जुळवून.

“गाडीत बसा,” ते म्हणाले. “आपण बावन्न मिनिटं मागे आहोत.”

पुढचे तीन तास काकी सलग बोलल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा कुठल्या रंगाचा लावायचा इथपासून सुरुवात झाली, आणि मध्येच त्यांनी मागे हात करून साहेबांचा कान ओढला, बोलणं न थांबवता.

वसाहतीच्या फाटकाशी पोचले तेव्हा उजेड अजून शिल्लक होता. पहारेकरी वही घेऊन आला, आत डोकावला, साहेबांच्या गळ्याकडे बघितलं आणि संकोचून सचिवांकडे बघितलं. नियम त्यालाही पाठ होता. अण्णांनी कागदासाठी हात पुढे केला, पण त्याआधीच चिरंजीव बोलले होते.

“पट्टा आहे. पांढरा. नोंद करा.” आणि पहारेकरी घुटमळला तशी त्यांनी काच आणखी खाली केली. “कुणाला हरकत असेल तर लेखी द्यायला सांगा. सचिवांच्या नावे.”

गाडी ठेवायच्या जागा आत आखलेल्या होत्या. अण्णांनी सवयीने पट्टे तपासले. कडा फाटलेल्या, रंग पातळ, काम चलाऊ. चिरंजीवांची जागा कोपऱ्यात. आधी सगळ्यांना उतरवून घेतलं. काकी टोपली घेऊन, अण्णा डबा घेऊन, सूनबाई जिन्यावरून हात करत. साहेब सगळ्यांच्या आधी उतरले होते. त्यांनी नव्या आवाराची सावकाश पाहणी केली, एका खांबावर शेरा मारला, आणि प्रवासाचा शीण आल्यामुळे चिरंजीवांच्या जागेच्या डाव्या पट्ट्यावर आडवे झाले. क्षणात घोरू लागले.

चिरंजीव गाडी वळवून आले आणि थांबले. इंजिन चालू होतं. अण्णांनी डबा खाली ठेवला आणि साहेबांना उठवायला दोन पावलं टाकली. तेवढ्यात चिरंजीवांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना थांबवलं. गाडी मागे घेतली, पुन्हा पुढे आणली आणि उजव्या पट्ट्यावर एक चाक चढवून, हातभर तिरकी, उभी केली. उतरून त्यांनी ती तिरकी गाडी बघितली. त्यांना ते बघवत नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

“राहू दे अण्णा,” ते हळू आवाजात म्हणाले. “साहेब झोपलेत.”